बस्त्याचं जर-तर

माझ्या पहिल्या यंत्राला भरिताशिवाय काही सुचायचं नाही.

झालं असं, की पुण्यातली नोकरी सोडून मी जळगावला परत आले, पिंप्राळ्यात आईच्या घरी वरच्या खोलीत टेबल टाकलं आणि एक ऑनलाइन कोर्स घेतला: छोट्या व्यवसायांसाठी एक्स्पर्ट सिस्टीम कशा बांधायच्या. जाणकार माणसाला प्रश्न विचारून विचारून त्याच्या डोक्यातलं बाहेर काढायचं, त्याचे ‘जर असं, तर तसं’ असे नियम करायचे आणि ते यंत्रात भरायचे. मग जाणकार माणूस गावाला गेला तरी त्याची अक्कल दुकानात हजर. ऐकायला हे इतकं सोपं होतं, की मला वाटलं, आपण खान्देशातल्या सगळ्या व्यापाऱ्यांची अक्कल उन्हाळ्याच्या आत डब्यात भरून ठेवू.

सरावासाठी म्हणून मी स्वयंपाकाचं यंत्र केलं. घरात काय आहे, पाहुणे येणार आहेत का, घाई आहे का, असं विचारून ते भाजी सुचवणार होतं. जाणकार अर्थातच आई. तिने पहिलाच नियम सांगितला, “वांगी असली तर भरीत.” दिवस हिवाळ्याचे, त्यात जळगाव. वांगी नसलेलं घर दिवा घेऊन शोधलं तरी सापडायचं नाही. यंत्र पहिल्या नियमावर जे अडकायचं ते पुढे सरकायचंच नाही. पाहुणे आले, भरीत. भावाला ताप आला, भरीत. उपवास आहे म्हणून सांगितलं, तरी भरीत. आई म्हणाली, “एवढं तर शेजारची मांजरपण सांगेल. त्यासाठी लाइट कशाला जाळतेस?”

याच सुमारास भावाचं लग्न ठरलं. मुलगी अमळनेरची, माणसं चांगली, दोन्हीकडून पसंती. आणि सुपारी फुटली त्याच संध्याकाळी आईने चहाचे कप विसळता विसळता सांगून टाकलं, की लग्नात ती मागे बसणार. वरमाय म्हणून काकू पुढे उभी राहील, विधींना काका-काकू बसतील. बाबा गेल्यापासून ती कुणाच्याच लग्नात पुढे गेली नव्हती. पण हे तर पोटच्या पोराचं लग्न!

मी भडकलेच. माझी जीभ तशी दोन्ही बाजूंनी चालते. मी काकांशी भांडले, काकूशी भांडले, “कुठल्या जमान्यात राहता?” असं तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारलं. आईला म्हटलं, “तू पुढे उभी राहणार नसलीस तर मी लग्नालाच येणार नाही.” आई म्हणाली, “नको येऊस. एक ताट वाचेल.” विषय संपला. म्हणजे तिच्याकडून संपला. मी मात्र मनाशी ठरवलं, की काय वाट्टेल ते होवो, आईला पुढे उभी करायचीच. रात्रंदिवस माझ्या डोक्यात तेवढंच होतं, आणि जो भेटेल त्याला मी ते ऐकवत होते.

तेवढ्यात धुळ्याहून फुईचा फोन आला. फुई म्हणजे बाबांची मोठी बहीण. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. धुळ्यात तिचं साड्यांचं दुकान आहे. फुवांचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं आहे असं पाटीवरून वाटतं, पण फुवा गल्ल्यामागे बसून पेपर वाचतात आणि दुकान फुई चालवते. तिची खरी ख्याती लग्नाच्या बस्त्याची. अख्खं कुटुंब टेम्पो भरून येतं आणि फुई गादीवर मांडी घालून ठरवते: विहिणीला कोणती, मावशीला कोणती, करवलीला कोणती, आणि जी बाई रुसणार हे नक्की आहे तिला कोणती. तिने लावून दिलेल्या बस्त्यात मानपानावरून भांडण होत नाही, असं ती स्वतःच सगळ्यांना सांगते. नम्रपणा तिला पोत्याने दिला तरी ती परत पाठवेल. आता तिचे गुडघे गेले होते, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं आणि ऐन लग्नसराईत दुकान तिच्या मुलाच्या हातात जाणार होतं. तो स्वभावाने सोन्यासारखा आहे, पण पैठणी आणि पलंगपोस यातला फरक त्याला लेबल वाचून कळतो.

“तू ते अकलेचं यंत्र करतीस ना?” फुई म्हणाली. “मग ये इकडे. बठ्ठं मन्हा डोकामा शे. काढी ले.” म्हणजे सगळं तिच्या डोक्यात होतं, मी फक्त काढून घ्यायचं.

मी आनंदाने उडालेच. खरं गिऱ्हाईक! एरंडोल, पारोळा करत एसटीने धुळ्याला जायचं, दिवसभर फुईसमोर लॅपटॉप घेऊन बसायचं आणि संध्याकाळी परत, असा माझा क्रम सुरू झाला. कोर्समध्ये सांगितलं होतं, की जाणकाराला बोलतं करणं हे सगळ्यात अवघड काम. ज्यांनी तो कोर्स लिहिला त्यांना फुई भेटली नव्हती. तिला गप्प करणं अवघड होतं.

“लिख,” ती म्हणायची. “विहिणीची साडी सगळ्यात भारी.” मी लिहायची. “पण नवऱ्या मुलाच्या आत्याची विहिणीपेक्षा कमी नको.” लिहिलं. “मावशीची आत्याच्या बरोबरीची.” लिहिलं. “आणि विहिणीला मावशीपेक्षा थोडी हलकी चालते, कारण तिला मान वेगळा मिळतो.” तेही लिहिलं. घरी येऊन यंत्र चालू केलं तर ते विहिणीकडून आत्याकडे, आत्याकडून मावशीकडे आणि मावशीकडून परत विहिणीकडे असं घाण्याच्या बैलासारखं फिरत राहिलं. मी दोन दिवस कोडमध्ये चूक शोधत होते. चूक कोडमध्ये नव्हतीच. फुई स्वतः आत्या आहे आणि दुनियेतल्या कुठल्याही लग्नात आत्या खाली येता कामा नये, हा एक न सांगितलेला नियम बाकी सगळ्या नियमांना उचकवत होता.

शेवटी तोडगा काढला: नियमांचं भांडण झालं, तर ज्या बाईचा रुसवा जास्त टिकतो तिचा नियम आधी. फुई खूश झाली. म्हणाली, “आते तुले समजाले लागनं.” मी तर स्वतःवर इतकी खूश झाले, की कोर्सच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर यावर एक लांबलचक पोस्ट टाकली. ती कुणी वाचली नाही.

मध्येमध्ये गिऱ्हाईक यायचं, तेव्हा फुई मला बाजूला सारायची आणि मी बघत बसायची. तेव्हा ती नियमबियम काही बोलायची नाही. घरच्या चौकशा करत करत सपासप साड्या उलगडून टाकायची, आणि बाईच्या तोंडाकडे न बघता तिच्या हाताकडे बघायची. हात ज्या साडीवर रेंगाळला ती बाजूला निघायची. बाई तोंडाने “नको बाई, फार भडक आहे” म्हणत असायची, आणि फुई साडी घडी करून पिशवीत टाकत असायची. हे कशावरून ठरवलं, असं मी विचारलं, तर म्हणाली, “दिसत नाही का? डोळे कशाला दिलेत देवाने?” आता हे यंत्राला कसं सांगणार? यंत्राला कुठे डोळे आहेत? मी ते सोडून दिलं आणि म्हटलं, “फुई, नियम सांग, नियम.”

मग ती पुन्हा पाठ म्हटल्यासारखी सांगायला लागायची. असंच एकदा सांगता सांगता म्हणाली, “आणि जिचा मालक नाही, तिला हिरवी नाही, लाल नाही. रंग थंड, काठ बारीक.”

मी लिहिलं.

आता खोटं कशाला बोलू, मला काही टोचलं नाही, खटकलं नाही. उलट मी हरखले. इतक्या आठवड्यांत हा पहिला नियम असा मिळाला होता, की जो दुसऱ्या कुठल्याही नियमाशी भांडत नव्हता. उत्तर हो किंवा नाही, मध्ये काही नाही. यंत्राला असाच नियम आवडतो. घरी याच गोष्टीवरून काका-काकूंशी भांडून घसा बसवून घेतलेली बाई ती मीच, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

शिवाय मी एक खास सोय केली होती. चांगल्या एक्स्पर्ट सिस्टीमने आपण असा सल्ला का दिला ते सांगितलं पाहिजे, नाहीतर लोक विश्वास ठेवत नाहीत. म्हणून प्रत्येक उत्तराखाली मी ‘का?’ असं बटण ठेवलं. ते दाबलं की यंत्र कारण सांगणार. ही कारणं मी स्वतः बसून, शुद्ध आणि अदबीच्या मराठीत लिहिली. फुईच्या भाषेत ठेवली असती तर निदान माणसासारखी वाटली असती.

यंत्र तयार झालं आणि पहिला बस्ता कुणाचा? आमचाच. आई, काकू, भाऊ आणि मी गाडी करून धुळ्याला गेलो. फुईने चहा, फाफडा मागवला. फुईचा मुलगा नवीन टॅब घेऊन गादीवर बसला, आणि मी शेजारी उभी राहून लग्नातल्या फोटोग्राफरसारख्या सूचना देत होते. पहिल्यांदा नवरीच्या आईची साडी. यंत्राने पटकन सुचवली, फुईने मान डोलावली. काकूची सुचवली, काकूने दोनदा किंमत विचारली आणि मान्य केली. मी ‘का?’ दाबून दाखवलं. “नवऱ्या मुलाची काकू, लग्नात वरमायेचा मान, म्हणून भरजरी काठ.” सगळे म्हणाले, वा! मी आईकडे बघितलं. बघ, तुझी लेक.

“आता मामींची,” फुईचा मुलगा म्हणाला आणि प्रश्न वाचायला लागला. नातं: नवऱ्या मुलाची आई. वय. उंची. मग तो थांबला. तो सगळं मोठ्याने वाचायचा, सवयच होती त्याला.

“व्यक्तीचे पती हयात आहेत का?”

त्याच्याच मामाबद्दल विचारत होता तो. खांदा दिला होता त्याने. त्याने बिचाऱ्याने वर बघितलं आणि हळूच मला विचारलं, “काय टाकू?”

त्या क्षणी मी टॅब हिसकावून घ्यायला हवा होता. वीज गेली म्हणायला हवं होतं. पण कार्यक्रम बिघडू नये ही काळजी इतकी, की मी कुजबुजले, “‘नाही’ टाक.” माझ्याएवढी गाढव मीच.

यंत्राने लगेच सुचवलं: राखाडी, बारीक काठ, साधा पदर. एवढ्या वेगाने त्याने कधीच उत्तर दिलं नव्हतं.

आईने पर्समधून चष्मा काढून लावला आणि म्हणाली, “ते का-चं बटण दाब रे.”

“राहू दे ना आई, तिथे काही...” मी म्हटलं.

“दाब म्हटलं ना.”

त्याने दाबलं. आईने सावकाश वाचलं. “व्यक्तीचे पती हयात नाहीत. अशा व्यक्तीस मंगलप्रसंगी भडक रंग देऊ नयेत.” मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून विचारलं, “व्यक्ती म्हणजे मी का गं?”

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात. धुळ्याच्या त्या दुकानात खाली पांढरीशुभ्र गादी होती, ती काही दुभंगली नाही.

“हे कुणी लिहिलं?” आई म्हणाली.

“फुईने सांगितलं,” मी म्हटलं. “म्हणजे... लिहिलं मी.”

“ओ माय!” फुई आईकडे वळून उसळली. “मी गिऱ्हाइकाला असं करते का कधी? कुणाला विचारते का मी, तुझा नवरा आहे का म्हणून? इतकी वर्षं बघतीस ना तू! तिने नियम विचारले, मी लोकांचे नियम सांगितले!”

“गिऱ्हाइकाला नाही करत, अक्का,” आई फुईला म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं झालं असतं. “गिऱ्हाइकाच्या हाताकडे बघता तुम्ही. मला माहीत आहे, मी कितीदा इथेच बसून बघितलंय. मला करता. हे गेल्यापासून प्रत्येक दिवाळीला तुमच्याकडून साडी येते. एक बिस्किटाच्या रंगाची, एक राखेच्या, एक भिजल्या मातीच्या. चांगल्या असतात, महाग असतात. माझा हात कुठे जातो, कधी बघितलंत?”

फुई म्हणाली, “गिऱ्हाइकाचं बघावं लागतं गं. घरच्या माणसाचं काय, ठाऊकच असतं.” आणि वाक्य पुरं झाल्यावर तिचं तिलाच ते ऐकू गेलं असावं. तिने कपाळावर हात मारून घेतला.

आई रडली नाही. मी रडत होते, आणि माझा भाऊ ‘आता हिला काय झालं’ अशा नजरेने माझ्याकडे बघत होता. भरीत सुचवणारं यंत्र बरं होतं, त्याने कुणाचं मन मोडलं नव्हतं. आणि आईला पुढे उभी करायला निघालेल्या मी तिला भर दुकानात, सगळ्या नातेवाइकांसमोर, अदबीच्या मराठीत मागे बसवलं होतं. आता ती लग्नात पुढे येते कसली! मी मनातल्या मनात तो विषय मिटवून टाकला.

फुई मात्र उठली. गुडघ्यांना शिव्या घालत, मुलाचा हात झिडकारत, स्वतः शेल्फपाशी गेली आणि एक थप्पी काढून आईच्या पुढ्यात आली. खुर्ची नको म्हणाली, गादीवरच बसली. एकेक साडी उलगडून टाकायला लागली आणि आईच्या तोंडाकडे एकदाही बघितलं नाही.

आईने तिला सोपं जाऊ दिलं नाही. हिचा काठ मोठा, हिचा पोत जाड, हिला धुतल्यावर रंग जाईल, अशा खोडी काढत राहिली. भाऊ कंटाळून रसवंतीवर जाऊन आला. शेवटी डाळिंबाच्या दाण्याच्या रंगाची एक साडी निघाली आणि आईचा हात तिच्यावर गेला तो निघेना. “फार भडक होते ही, अक्का,” आई म्हणाली. फुईने साडी घडी करून पिशवीत टाकली.

“वहिनी, लोक काय म्हणतील?” काकू पुटपुटली.

“यंत्राला विचार,” आई म्हणाली. “ते कारणासकट सांगतं.”

परतीच्या वाटेवर मी गाडीत विचारलं, “मग आता पुढे उभी राहणार ना?” आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, “साडी घेतली म्हणजे सगळं झालं असं नसतं. तू गप बस.” पारोळा गेलं, एरंडोल गेलं, मी गप बसले. माझ्या आयुष्यातला हा एक विक्रमच.

घरी येऊन मी तो नियम आणि तो प्रश्न काढून टाकला. यंत्र थोडं अडखळलं आणि मग सगळ्या बायकांना एकच मोरपंखी साडी सुचवायला लागलं. फुईचा मुलगा म्हणाला, “हे बरं आहे, स्टॉक संपेल.” फुईने ऑपरेशन लग्नापुरतं पुढे ढकललं आणि त्याला रोज गादीवर शेजारी बसवायला लागली. शिकला का? थोडा शिकला म्हणे. यंत्राचा टॅब फुवा आता पेपर वाचायला वापरतात.

लग्न अमळनेरला होतं. आई डाळिंबी साडी नेसली होती, पण बसली मात्र मागच्या ओळीत, फुईच्या शेजारी. मी एक भाषण तयार करून ठेवलं होतं. कुणी काही बोललंच तर काय ऐकवायचं, त्याचे मुद्दे पाठ होते. मंगलाष्टकं झाली, विहीणभेटीची वेळ आली. ठरल्याप्रमाणे काकू पुढे झाली. नवरीची आई हळद-कुंकवाची वाटी घेऊन उभी राहिली, काकूकडे बघितलं, मग मागे माणसांमध्ये बघायला लागली. “मुलाची आई कुठंय?” तिने विचारलं.

माझं भाषण घशातच राहिलं. फुई काही बोलणार तोच आई उठली. कुणी हात धरला नाही, कुणी ढकललं नाही. माणसांमधून वाट काढत ती पुढे जाऊन उभी राहिली. काकूने क्षणभर इकडे तिकडे बघितलं आणि बाजूला झाली.

नवरीच्या आईचं बोट कुंकवात बुडालेलं होतं. ते आईच्या कपाळापाशी जाऊन थांबलं. ती हळू आवाजात म्हणाली, “लावू ना, विहीणबाई?”

आईने तिच्याकडे नीट बघितलं.

“विचारलंत, बरं वाटलं,” ती म्हणाली. “लावा. बारीक नको, चांगलं मोठं लावा.”

तिने लावलं. इतकं मोठं, की त्यातलं थोडं नाकावर सांडलं. मी धावत जाऊन ते पुसायला पदर पुढे केला. आईने माझं मनगट धरलं.

“राहू दे,” ती म्हणाली.